तलाव उपसायचा दिवस

जॉन चीव्हरची ‘द स्विमर’ ही कथा मराठीत आणताना मी अडले ती पाण्यापाशी. कथेचा नायक नेड मेरिल एका रविवारी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरच्या तलावांतून पोहत पोहत आपल्या घरी जायला निघतो. चीव्हर या तलावांच्या पाण्याची वेगवेगळी ओळख करून देतो. पहिल्याचं पाणी विहिरीतल्या लोहामुळे फिकट हिरवं. पुढे एक जुना दगडी तलाव लागतो, ओढ्यावर भरणारा, त्याला गाळणी नाही की पंप नाही. हे सगळं मराठीत सहज येतं. येत नाही तो ‘पूल’ हा शब्द. देवनागरीत तसाच ठेवला तर वाचकाला नदीवरचा पूल दिसतो. हौद म्हटलं की पेशव्यांचं पुणं, कुंड म्हटलं की देऊळ, टाकं म्हटलं की गड. पुणेकर पोहायला ‘टँक’वर जातात, पण तो टँक सगळ्यांचा, घरचा नव्हे. अंगणात फक्त आपल्या कुटुंबाच्या पोहण्यासाठी राखलेलं पाणी ही वस्तूच आपल्याकडे कालपरवापर्यंत नव्हती, मग शब्द कुठून येणार?

वस्तू कळल्याशिवाय शब्द सापडत नाही, म्हणून मी घरच्या तलावाची निगा कशी राखायची हे सांगणारी माहितीपत्रकं वाचत बसले. काम सोपं आहे, पण संपत नाही. लांब दांड्याच्या जाळीने रोज पानं नि किडे काढायचे. आठवड्यातून एकदा भिंती ब्रशने घासायच्या, नाहीतर शेवाळ धरतं. पंप रोज काही तास चालवून पाणी वाळूच्या गाळणीतून फिरवायचं. गाळणी तुंबली की उलट्या दिशेने पाणी सोडून ती धुवायची. पाण्याच्या दहा लाख भागांत क्लोरिन एक ते तीन भाग हवं, सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा. सामू चढला की क्लोरिनची जंतू मारण्याची ताकद घटते. तो उतरवायला आम्ल घालायचं. हे आम्ल म्हणजे आपलं हायड्रोक्लोरिकच, पण अमेरिकेत तलाववाले त्याला अजून ‘म्युरिॲटिक’ म्हणतात. लॅटिन ‘मुरिया’ म्हणजे खारं पाणी. मिठापासून निघालेलं म्हणून ते नाव.

एक गोष्ट मला त्या वाचनातच कळली. तलावापाशी नाकात जाणारा जो उग्र वास आपण स्वच्छतेचा समजतो, तो निव्वळ क्लोरिनचा नसतो. घाम, लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास. म्हणजे वास जितका जास्त, तितकं पाणी माणसांनी वापरलेलं.

क्लोरिन तसं अलीकडचं. जर्सी सिटीच्या पिण्याच्या पाण्यात ते १९०८ साली नियमितपणे घालायला लागले, आणि तिथून ते हळूहळू पोहण्याच्या तलावांत आलं. त्याआधी रीत होती भरा आणि उपसा. तलाव भरायचा, लोकांनी काही दिवस पोहायचं, पाणी गढूळलं की सोडून द्यायचं, तळ घासायचा, पुन्हा भरायचा. अशा रीतीत भरल्यादिवशीचं पाणी आणि उपसायच्या आदल्या दिवसाचं पाणी सारखं नसतं. कोणत्या दिवशी कोण पोहणार, हा प्रश्न त्यामुळे देखभालीच्या वेळापत्रकातच येऊन बसतो.

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहरात १९१४ साली ब्रुकसाइड प्लंज हा नगरपालिकेचा तलाव उघडला. तो गोऱ्यांसाठी. कृष्णवर्णीय, मेक्सिकन आणि आशियाई वंशाच्या लोकांना आठवड्यातला एकच दिवस. पुढे तो मंगळवार ठरला. मंगळवार संपला की तलाव उपसायचा, घासायचा, आणि दुसऱ्या दिवशी गोऱ्यांसाठी ताजं पाणी. या दिवसाला नाव होतं ‘इंटरनॅशनल डे’. अनुवादाच्या धंद्यात वीस वर्षं काढल्यावरही मला या नावाचा अनुवाद जमलेला नाही. ‘आंतरराष्ट्रीय दिन’ लिहिलं तर शब्द बरोबर आणि अर्थ चूक, ‘बाटाबाटीचा वार’ लिहिलं तर उलट. पुढे गाळणी आणि क्लोरिन यांनी वारंवार उपसायची गरज बरीच कमी केली, तरी तो वार लवकर गेला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यायालयं सार्वजनिक तलाव सगळ्यांना खुले करायला सांगू लागली. बऱ्याच ठिकाणी गोऱ्यांनी तिथे जाणंच सोडलं. इतिहासकार जेफ विल्टसी यांनी ‘कन्टेस्टेड वॉटर्स’ (२००७) या पुस्तकात ही हकीकत तपशिलाने मांडली आहे. १९५० साली अमेरिकेत जमिनीत खोदलेले घरगुती तलाव सुमारे अडीच हजार कुटुंबांकडे होते. १९९९ पर्यंत ही संख्या चाळीस लाखांवर गेली. याला उपनगरं, मोटारी, हातात आलेला पैसा आणि फवारून बसवता येणारं स्वस्त काँक्रीटही कारण आहे. एकट्या वर्णद्वेषावर सगळं ढकलता येणार नाही. पण जाळी, ब्रश नि आम्लाची बाटली घेऊन रविवार घालवणारा तो घरमालक जे काम स्वतःच्या गळ्यात घेत होता, ते पूर्वी नगरपालिका करत असे. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने तर वर्णभेदाविरुद्धच्या निकालानंतर आपले तलावच बंद केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७१ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: तलाव सगळ्यांनाच बंद असतील, तर त्यात भेदभाव नाही.

आता त्या आम्लाकडे येते. १८ जून १९६४. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनमध्ये मॉन्सन मोटर लॉज नावाचं मोटेल होतं. आठवडाभरापूर्वी मार्टिन ल्यूथर किंग यांना त्याच्याच पायरीवर अटक झाली होती. त्या दिवशी गोरे आणि कृष्णवर्णीय कार्यकर्ते मिळून मोटेलच्या तलावात उतरले. खोली गोऱ्यांच्या नावावर, आणि हे आमचे पाहुणे, असा त्यांचा दावा. व्यवस्थापक जेम्स ब्रॉक यांनी म्युरिॲटिक आम्लाचा कॅन आणून पाण्यात ओतायला सुरुवात केली. छायाचित्र जगभर गेलं: काठावर ओतणारा माणूस, पाण्यात भेदरलेले चेहरे. हे आम्ल तिथेच होतं, कारण तलावाच्या रोजच्या निगेला ते लागतंच. एवढ्या पाण्यात तेवढं आम्ल फारसं काही करणार नाही हे पोहणाऱ्यांपैकी एकाला ठाऊक होतं. बाकीच्यांची भीती जावी म्हणून त्याने ते पाणी पिऊन दाखवलं, असं सांगतात.

इथे मराठी वाचकाचं मन महाडला जाणारच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले, त्यांच्यामागे परिषदेला आलेले हजारो लोक प्यायले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच तळं अस्पृश्यांना खुलं करण्याचा ठराव केला होता. तो ठराव कागदावर होता तोवर तळं कुणाला अशुद्ध वाटलं नाही. लोक प्यायले, तेव्हा मात्र शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात बुडवल्या गेल्या. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. तळ्याचा खटला दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. जात आणि वंश एकाच मापाने मोजू नयेत, हे मी माझ्या विद्यार्थिदशेपासून ऐकत आले आहे आणि मला ते पटतंही. मात्र देखभालीच्या माहितीपत्रकाच्या हिशेबाने पाहिलं, तर महाडला तळ्यात घाण घालून ते शुद्ध करून घेतलं आणि सेंट ऑगस्टीनला सफाईचं द्रव्य ओतून तलाव पोहण्याजोगा ठेवला नाही.

ब्रॉक यांनी आम्ल ओतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सिनेटने नागरी हक्कांचं विधेयक मंजूर केलं. २ जुलैला त्याचा कायदा झाला. चीव्हरची कथा ‘न्यू यॉर्कर’मध्ये छापून आली ती १८ जुलै १९६४ च्या अंकात. ती त्याआधीच लिहून झालेली असणार, तिचा त्या मोटेलशी काही संबंध नाही. पण तिच्यात एक जागा आहे. खासगी तलावांची साखळी मध्येच तुटते आणि मेरिलला सार्वजनिक तलावात उतरावं लागतं. क्लोरिनचा भपकारा, गर्दी, गढूळ पाणी. पाय आधी औषधी पाण्यात बुडवायचे, ओळखीचा बिल्ला लावायचा. या पाण्याने आपण बाटू, असं त्याला वाटतं, आणि शेवटी बिल्ला नाही म्हणून जीवरक्षक त्यालाच हाकलतात.

मॉन्सन मोटर लॉज २००३ साली पाडलं. किंग यांना अटक झाली त्या पायऱ्या तेवढ्या जपून ठेवल्या आहेत.

माझ्या मसुद्यात घरच्या पाण्याला सगळीकडे ‘तलाव’ आहे. त्या एका सार्वजनिक पाण्याला मी ‘तळं’ लिहिलंय. संपादकांनी समासात विचारलं आहे की काँक्रीटच्या टाकीला तळं कसं म्हणता येईल. त्यांना अजून उत्तर पाठवलेलं नाही.