सरकीपासून सुरुवात

वऱ्हाडातल्या कारंजा लाडच्या बाजारात कापूस येतो आणि सोयाबीनही. कापूस बहुतेक सगळा बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेला. सोयाबीन तसे नाही, कारण जनुक बदललेल्या सोयाबीनच्या लागवडीला भारतात परवानगीच नाही. कापूस अंगावर घालायचा, म्हणून जनुक बदललेल्या, म्हणजे ‘जीएम’, अन्नाच्या वादात त्याला कोणी धरत नाही. पण सरकीचे तेल माणसे खातात आणि ढेप गाई-म्हशी. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली, तेव्हाच हा वाद वऱ्हाडाच्या ताटापर्यंत आला. या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाने म्हणूनच सरकीपासून सुरुवात करावी.

बीटी कपाशीत मातीतल्या एका जिवाणूचे जनुक असते. त्यामुळे झाड स्वतःच ‘क्राय’ प्रथिन तयार करते. बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते ठरावीक जागी चिकटते, आतड्याला भोके पडतात आणि अळी मरते. माणसाच्या जठरात आम्ल असते, आणि आपल्या आतड्यात त्या जागाही आढळलेल्या नाहीत. शिवाय शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही; ढेपेत ते असू शकते. म्हणजे एकाच बियाण्याच्या दोन पदार्थांचा विचार वेगवेगळा करावा लागतो. गंमत अशी, की सरकीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य बीटीच्या कितीतरी आधीपासूनचे आहे. नैसर्गिक ते निर्धोक, हा समज इथे टिकत नाही.

प्रयोगशाळेतून आले ते निर्धोक, हाही टिकत नाही. ब्राझील नट या कठीण कवचाच्या फळाचे जनुक सोयाबीनमध्ये घातले, तेव्हा त्याची ॲलर्जीही सोबत आल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ते वाण बाजारात आलेच नाही. उलट, जनुक बदललेला मका खाऊन उंदरांना गाठी झाल्याचा २०१२ चा गाजलेला फ्रेंच निबंध पुढच्याच वर्षी नियतकालिकाने मागे घेतला. बाजारातली अशी अन्नपिके नेहमीच्या पिकांपेक्षा अधिक धोकादायक असल्याचा ठोस पुरावा नाही, असे अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या समितीने २०१६ मध्ये म्हटले. तपासणी मात्र प्रत्येक वाणाची स्वतंत्र हवी.

आपल्याकडचा कळीचा प्रश्न जनुकाइतकाच फवाऱ्याचा आहे. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला, म्हणजे ‘चोर बीटी’ला, परवानगी नाही, तरी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ती उघडपणे पेरली. तिच्याबरोबर येते ग्लायफोसेट हे तणनाशक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ते ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेला तसे वाटले नाही. शिवाय द्रव्याच्या अंगची क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष संपर्कातला धोका वेगळा. पंप पाठीवर घेणारा मजूर आणि तेल खाणारा ग्राहक यांचा संपर्क सारखा नसतो.

विज्ञानाचे उत्तर मिळाले तरी निर्णय उरतोच. बीटी वांग्यावर २०१० मध्ये नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या. स्वतंत्र चाचण्या अपुऱ्या आहेत, असे सांगत ९ फेब्रुवारीला तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवले. बांगलादेशाने २०१३ मध्ये मंजुरी दिली. वांगे तेच, फरक पडला तो चाचणी कोणी केली आणि तिच्यावर भरवसा किती, याने.

तेव्हा ‘जीएम अन्न चांगले की वाईट’ हा प्रश्न बाजूला ठेवून या अभ्यासात यावे. कोणते पीक, कोणते जनुक, त्यातला कोणता भाग खाल्ला जातो, त्यावर काय फवारले आणि तपासले कोणी, एवढे विचारता आले की शेतकरी, विद्यार्थी वा गृहिणी, कोणालाही या वादात आपले मत मांडता येईल.