लोमो साल्तादो : एका ताटातला पेरू देश

#थ्रेड

गेल्या हिवाळ्यात अभिलेखागारातील कामानिमित्त लंडनला असताना एका पेरूव्हियन उपाहारगृहात जाण्याचा योग आला. मेनूकार्डावर 'लोमो साल्तादो' या नावापुढे 'पारंपरिक पेरूव्हियन' असे छापलेले होते. ताट आले आणि पहिल्याच घासाला सोया सॉसची चव लागली. अँडीज पर्वताच्या देशात सोया सॉस 'पारंपरिक' कधी झाला? या प्रश्नाचे उत्तर फारसे सुखद नाही.

आधी ताट पाहू. गोमांसाच्या पट्ट्या, कांदा, टोमॅटो आणि आही आमारियो ही पिवळी मिरची, हे सारे सोया सॉस व व्हिनेगर घालून मोठ्या आचेवर झटपट परतलेले. सोबत तळलेले बटाटे आणि भात. बटाटा व मिरची तिथल्या मातीतली. गोमांस, कांदा आणि व्हिनेगर स्पॅनिशांबरोबर आलेले. परतण्याची रीत मात्र कँटनची. (आपला 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. पेरूत आजही केचुआ भाषेतला 'पापा' हाच शब्द चालतो.)

कँटनची रीत तिथवर पोहोचली ती पक्ष्यांच्या विष्ठेमुळे. पेरूच्या किनाऱ्याजवळील चिंचा बेटांवर शतकानुशतके साचलेला 'ग्वानो' एकोणिसाव्या शतकात युरोपीय शेतीसाठी मौल्यवान खत ठरला. तो खणायला माणसे हवी होती. ऊस आणि कापसाच्या मळ्यांनाही हवी होती. आफ्रिकी गुलामगिरीचे दिवस भरत आले होते. १८५४ मध्ये रामोन कास्तिया यांनी ती रद्दच केली.

१८४९ मध्ये पेरूने चिनी मजूर आणण्याचा कायदा केला. १८७४ पर्यंतच्या पंचवीस वर्षांत सुमारे एक लाख चिनी पुरुष तिथे नेले गेले. करार आठ वर्षांचा. काहींना फसवून, काहींना कर्जात अडकवून, तर काहींना चक्क पळवून जहाजावर चढवले गेले. कित्येक जण वाटेतच मेले. ग्वानोच्या बेटांवर आत्महत्या इतक्या होत की समकालीन प्रवाशांनीही त्यांची नोंद केली आहे.

यांतील बहुसंख्य जहाजे पोर्तुगीज मकावहून सुटत. हेच मकाव १८४४ पर्यंत गोव्याच्या पोर्तुगीज प्रशासनाखाली होते. १८७२ मध्ये मकावहून पेरूला निघालेले 'मारिया लूस' हे जहाज योकोहामाला थांबले असता एका मजुराने समुद्रात उडी घेतली. प्रकरण जपानी न्यायालयात गेले आणि जहाजावरील मजुरांची सुटका झाली. अशा व्यापारावर उजेड पडायला एक उडी पुरेशी ठरली, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

या करारांत मजुरीसोबत तांदळाचा शिधाही ठरलेला असे. करार संपवून जे जिवंत सुटले, त्यांतील अनेकांनी लिमाच्या मध्यवर्ती बाजाराजवळ, कापोन रस्त्याच्या परिसरात स्वस्त खानावळी थाटल्या. कढई त्यांची, जिन्नस स्थानिक. लोमो साल्तादोचा जन्म या स्वयंपाकातला. त्याची नेमकी तारीख शोधण्यात अर्थ नाही. खानावळीतला पदार्थ जन्मनोंद ठेवत नाही.

पण गिऱ्हाईक जेवून गेले म्हणजे शेजारी झाले, असे नव्हे. जानेवारी १८८१ मध्ये चिलीच्या सैन्यापुढे लिमा पडले, तेव्हा शहरातील जमावाने चिनी दुकाने लुटली, माणसे मारली. १९०९ मध्ये पुन्हा चिनीविरोधी दंगल झाली. आज मात्र चिनी-पेरूव्हियन उपाहारगृहे गल्लोगल्ली आहेत. त्यांना 'चिफा' म्हणतात. हा शब्द 'जेवणे' या अर्थाच्या चिनी शब्दांवरून आला, असे मानतात. तिथला परतलेला भात 'चाउफा'. पेरूच्या स्पॅनिशमध्ये आल्यालाही 'किऑन' हाच कँटोनी वळणाचा शब्द आहे.

जपान्यांची कथा याच वळणाची. १८९९ मध्ये 'साकुरा मारू' जहाजातून ७९० जपानी मजूर आले. मे १९४० मध्ये लिमात त्यांची घरेदुकाने लुटली गेली. महायुद्धाच्या काळात सुमारे १,८०० जपानी-पेरूव्हियन लोकांना पकडून अमेरिकेतील छावण्यांत पाठवले. बहुतेकांना परत येऊ दिले नाही. २०२५ मध्ये जगातील सर्वोत्तम पन्नास उपाहारगृहांच्या नामांकित यादीत पहिले आले ते लिमातील 'माइदो', म्हणजे जपानी-पेरूव्हियन 'निक्केई' पाककलेचे घर.

या सगळ्याला खाद्यसमीक्षक 'फ्यूजन' म्हणतात. मला तो शब्द फार गुळगुळीत वाटतो. दोन आचाऱ्यांनी हौसेने एकत्र बसून काहीतरी रचले, असा त्याचा सूर आहे.

त्या मेनूकार्डावर 'अँटिकुचोस' हा आणखी एक पदार्थ होता : मसाल्यात मुरवून निखाऱ्यावर भाजलेले गायीचे काळीज. मालकांनी टाकून दिलेले मांस आणि लिमातील आफ्रिकी गुलाम, हा त्याचा धागा. त्यावर पुढच्या थ्रेडमध्ये.