दुष्काळानंतरची कृतज्ञता

संकटात मनाचा तोल ढळू देऊ नये, जे उरले आहे त्याबद्दल कृतज्ञ असावे, हा उपदेश आपण सर्वांनी ऐकलेला आहे. आणि खरे सांगायचे तर प्रसंग आपल्यावर आला म्हणजे उपदेश करणाऱ्याचा थोडा रागही येतो. तो राग अगदीच अकारण नसतो. पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला कृतज्ञता शिकवणे फार सोपे असते. म्हणून या विषयाचा विचार करताना, ज्याने स्वतः सर्वस्व गमावले अशा माणसाकडे पाहिलेले बरे. असे एक नाव आपल्या घरातलेच आहे.

इ. स. १६३० साली गुजरात आणि दख्खन या दोन्ही प्रांतांत पावसाने दगा दिला आणि दुष्काळाचे हाल पुढे दोन वर्षे पुरले. अब्दुल हमीद लाहोरी हा शाहजहानचा दरबारी इतिहासकार. धन्याची कीर्ती गाणे हे त्याचे काम. पण त्यालाही लिहावे लागले की, मेलेल्यांची हाडे दळून पिठात मिसळली जात होती. त्याच वर्षी पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून बुऱ्हाणपुरास गेला. त्याला वाटेवर ठिकठिकाणी प्रेते दिसली. बादशहाचा तळ तेव्हा बुऱ्हाणपुरास होता. त्याने अन्नछत्रे उघडली, दर सोमवारी ५,००० रुपये वाटवले, महसुलात सूट दिली. मात्र दक्षिणेची मोहीमही चालूच होती, आणि लष्कराला दाणावैरण लागतच होती.

या काळात देहूचे तुकोबा विशी ओलांडलेले तरुण होते. घरी शेती, व्यापार आणि सावकारी. आईवडील आधीच निवर्तले होते. दुष्काळात पैसा आटला, दुकान बसले, चारचौघांतली पत गेली, आणि पहिली पत्नी अन्नावाचून मेली. हे सर्व तुकोबांनी स्वतःच एका आत्मचरित्रपर अभंगात सांगितले आहे, आणि या गोष्टींची आपल्याला लाज वाटली, हेही लपवलेले नाही. दुःख नव्हतेच असे दाखवण्याचा प्रयत्न तेथे मुळीच नाही.

तेच तुकोबा दुसऱ्या एका अभंगात देवापुढे आपल्या आपत्ती एकेक करून मोजतात आणि झाले ते बरेच झाले असे म्हणतात. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. हे बोलणे स्वतःच्या नुकसानीविषयी आहे. गावातल्या दुसऱ्या कोणाचे मूल मेले, तेही बरे झाले, असे तुकोबांनी कोठे म्हटलेले नाही. कृतज्ञता ही स्वतःच्या खात्यावर मांडायची रक्कम आहे. ती दुसऱ्याच्या नावे लिहिता येत नाही.

आणि ही कृतज्ञता शब्दांवर थांबली नाही. दुष्काळ सरला तरी कर्ज सरत नाही. उलट पाऊस पडतो तेव्हा कुणब्याजवळ बी नसते, बैल नसतो, आणि सावकाराचा हात कधी नव्हे इतका वर असतो. तुकोबांच्या घरी लोकांनी लिहून दिलेली खते होती. स्वतःचे दिवाळे निघालेल्या माणसाने ती वसूल करायला काढली असती, तर त्या काळी कोणी नाव ठेवले नसते. परंपरा सांगते की, धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांना देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. भावाचा हक्क बुडवून उदार होणे त्यांना मान्य नव्हते, हे या कथेत मला विशेष वाटते. पूर्वजांचे विठ्ठलमंदिर मोडकळीस आले होते, तेही त्यांनी दुरुस्त केले.

बादशहाने सूट दिली ती दरबारच्या इतिहासात रकमेसह नोंदवली गेली. देहूत किती कुटुंबे ऋणमुक्त झाली याचा आकडा आपल्याजवळ नाही. ते कागदच नदीत गेले. पण उपाशी राहिलेल्या माणसाला दुसऱ्याची उपासमार ओळखू आली, एवढे निश्चित. कठीण दिवसांतून आपण पार पडलो म्हणजे देवाचे आभार मानतो, ते योग्यच आहे. त्या वेळी आपल्या पेटीत कोणाकोणाची खते पडून आहेत, हेही एकदा उघडून पाहावे.