जेहान दारूवाला : एका सारथ्याची नोंद

सांगोला-मंगळवेढ्याच्या माळरानावर खिल्लार बैलांच्या शर्यतींचा षोक इतका जुना आणि जिव्हाळ्याचा आहे, की जिंकलेल्या बैलाचे नाव, त्याच्या धन्याचे गाव आणि त्याला आलेली किंमत यांची चर्चा सोलापूर जिल्ह्याच्या आठवडी बाजारांतून वर्षानुवर्षे चालते. त्याच बैलांना जिवावर उदार होऊन हाकणाऱ्या गाडीवानाचे नाव मात्र लवकरच विस्मृतीत जाते. मोटारींच्या शर्यतींतील सारथ्यांनाही पुष्कळदा हीच उपेक्षा भोगावी लागते, आणि म्हणूनच मुंबईच्या जेहान दारूवाला यांची कारकीर्द महाराष्ट्राच्या दप्तरी तपशिलाने दाखल व्हावी, असे मला मनापासून वाटते.

१ ऑक्टोबर १९९८ रोजी मुंबईत जन्मलेला हा मुलगा, फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने होतकरू भारतीय चालकांच्या शोधार्थ २०११ साली काढलेल्या मोहिमेत निवडल्या गेलेल्या तिघांपैकी एक होता. २०१७ साली त्याने न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली. २०१९ च्या फॉर्म्युला थ्री स्पर्धेत दारूवाला तिसरे आले.

परंतु या चरित्रातील खरा तेजस्वी दिवस ६ डिसेंबर २०२० हा होय. बहारीनमधील साखीरच्या मार्गावर, फॉर्म्युला वनच्या खालोखालच्या फॉर्म्युला टू मालिकेची अखेरची शर्यत होती, आणि तेथे सर्वांच्या मोटारी एकाच बनावटीच्या असल्याने चालकाचे कौशल्य झाकून राहण्यास जागा नव्हती. पहिल्या रांगेतून निघालेल्या दारूवाला यांना शेजारच्या डॅन टिक्टमने आरंभीच बाजूला रेटले, तेव्हा त्या झटापटीचा लाभ घेऊन मिक शूमाखर दोघांच्याही पुढे निघून गेला. तथापि धीर न सोडता, टायरांची झीज सांभाळीत, दारूवाला यांनी दोघांनाही मागे टाकले आणि कार्लिन संघातीलच सहकारी युकी त्सुनोदा याच्या सुमारे साडेतीन सेकंद आधी अंतिम रेषा ओलांडून फॉर्म्युला टूमधील पहिला भारतीय विजय नोंदविला.

मालिकेत एकंदरीने सरस ठरलेल्या त्सुनोदाला पुढील वर्षी फॉर्म्युला वनमध्ये स्थान मिळाले, दारूवाला यांना मिळाले नाही. अवघ्या जगातून २० जागा, त्यांतल्याही बहुतेक आधीच भरलेल्या, आणि परवान्यासाठी तीन वर्षांत ४० गुणांची अट, असा तो अरुंद दरवाजा होता. २०२१ आणि २०२२ या दोन्ही हंगामांत ते सातवे आले, आणि अशा गणितात सातव्या क्रमांकाला फारशी किंमत नसते. मध्यंतरी मोंझा येथे त्यांनी विजय मिळविले, आणि जून २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे मॅक्लारेनची फॉर्म्युला वन मोटार चाचणीसाठी त्यांच्या हाती आली.

फॉर्म्युला वनचे दार उघडले नाही, एवढ्यावरून त्यांच्या कारकिर्दीला अपयशाचा शिक्का मारणे मला मुळीच मान्य नाही. २०२३-२४ च्या हंगामात मासेराती संघाने त्यांना फॉर्म्युला ई या विद्युत मोटारींच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उतरविले. करुण चंडोक यांच्यानंतर त्या स्पर्धेत मोटार हाकणारे ते दुसरेच भारतीय होत.