श्यामची गोष्ट कोण सांगतो?

शाळेत ‘श्यामची आई’ शिकवायला घेतली की फळ्यावर बहुधा एकच शब्द उमटतो : मातृप्रेम. मुले तो वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि पुस्तक मिटते. त्या शब्दात खोटे काही नाही. परंतु एवढ्यावर थांबले तर पुस्तकातल्या दोन मोठ्या गोष्टी मुलांच्या हातून निसटतात. एक म्हणजे लोकरीतीपेक्षा वेगळे वागण्याचे धैर्य. दुसरी म्हणजे, ही हकीकत कोण सांगतो, कोठे उभा राहून सांगतो आणि त्यामुळे ती कशी दिसते, हा प्रश्न. पेण, रोहे या बाजूच्या शिक्षकबंधूंपुढे आणि घरात मुलांना वाचून दाखवणाऱ्या आईबापांपुढे याच दोन गोष्टी आज मांडायच्या आहेत.

आता आपण म्हणाल, साने गुरुजी तर दापोली तालुक्यातल्या पालगडचे. २४ डिसेंबर १८९९ चा त्यांचा जन्म. पेण-रोह्याचा इथे संबंध काय? संबंध आहे, आणि तो पेण तालुक्यातल्या गागोदे गावापासून सुरू होतो. विनोबा भावे यांचा जन्म तिथला, ११ सप्टेंबर १८९५ चा. लहानपण गागोद्यात काढून ते वडिलांकडे बडोद्याला शिकायला गेले. तिथे पुढे त्यांनी शाळा-कॉलेजातली आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली. आई पाहत होती. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईच्या गाडीत बसले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीची वाट धरती केली. चारचौघांसारखे न वागण्याचे आपल्या जिल्ह्यातले हे एक ठसठशीत उदाहरण.

हेच विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी गीतेवरची १८ प्रवचने त्यांनी तिथे बंदिवानांपुढे दिली. ती उतरून घेतली साने गुरुजींनी. ‘गीता प्रवचने’ म्हणून आज आपण जे पुस्तक वाचतो, त्यात वाणी विनोबांची आणि कान व लेखणी गुरुजींची आहे. पुढे वर्ष उलटायच्या आत, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा मोठा भाग लिहून काढला. पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्याची रचना पाहा. संध्याकाळची प्रार्थना होते, मंडळी जमतात, एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. अशा ४२ रात्री. धुळ्याच्या त्या रविवारांचा ठसा या मांडणीवर पडला असावा, असे मला वाटते. हे माझे अनुमान आहे, पण शिक्षकाने ते मुलांपुढे अनुमान म्हणूनच ठेवायला हरकत नाही. अनुमान आणि पुरावा यांतला फरक मुलांना कळणे, हाही शिक्षणाचाच भाग आहे.

आता सांगणाऱ्याकडे वळू. ‘श्यामची आई’ कोण सांगतो, असे विचारले तर वर्ग एका आवाजात म्हणेल, “श्याम!” मग हळूच विचारावे, “कोणता श्याम?” कारण या पुस्तकात श्याम दोन आहेत. एक पालगडच्या घरातला लहान मुलगा. तो रडतो, हट्ट करतो, पुस्तकासाठी पैसे चोरतो. दुसरा आश्रमात बसून बोलणारा मोठा माणूस. त्याची आई केव्हाच गेली आहे. आणि या दोघांच्याही बाहेर एक तिसरा आवाज आहे. श्याम आज कसा दिसत होता, बोलता बोलता त्याचा गळा कसा दाटला, ऐकणारे कसे गप्प झाले, हे तो आवाज सांगतो. तीन आवाज निरनिराळे ओळखता आले की मुलाला पुस्तक वाचता आले असे समजावे.

हा फरक अगदी साध्या प्रश्नाने ध्यानात येतो. आईच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन वाचून कुणाचे डोळे ओले होत नाहीत? पण तेव्हा श्याम आईजवळ नव्हता. तो शिक्षणासाठी दूर होता; घरी पोचला तेव्हा सारे संपले होते. मग ते अंथरूण, ती निरवानिरव त्याने कशी पाहिली? पाहिली नाही. ऐकली, आणि मग मनाने पाहिली. मुलांना म्हणावे, “जिथे तो हजर नव्हता, तिथेच त्याचे शब्द सर्वांत हळवे का झाले असतील?” उत्तर मुलेच देतील. जवळ नसल्याचे दुःख त्या वर्णनात उतरले आहे. म्हणजे सांगणाऱ्याची जागा बदलली की गोष्टीचा रंगही बदलतो.

आपल्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत हे रोज दिसते. साच्यातून निघालेल्या मूर्ती सारख्या असतात. डोळ्यांची आखणी झाली की प्रत्येकीचा भाव निराळा होतो. गोष्टीतली घटना ही मूर्ती, आणि सांगणाऱ्याची नजर ही आखणी.

आता वेगळे वागण्याविषयी. श्यामची आई बंडखोर होती काय? घाईने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू नये. तीन प्रसंग शेजारी शेजारी ठेवावेत.

पहिल्या रात्रीची हकीकत सावित्रीव्रताची. आई आजारी आहे, वडाला प्रदक्षिणा घालण्याची तिला ताकद नाही. ती श्यामला जायला सांगते. बायकांचे व्रत मुलाने करायचे! सोबती हसतील म्हणून श्याम लाजतो. देवाच्या कामाची लाज कसली, लाज वाटावी ती पापाची, असे आई त्याला समजावते. इथे लोकांच्या हसण्याला ती किंमत देत नाही.

दुसरा प्रसंग पोहण्याचा. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. तीच आई त्याला मारून विहिरीकडे पिटाळते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणावे, हे तिला सोसत नाही. म्हणजे इथे लोकांचे बोलणे तिला लागते.

तिसरा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा. लाकडाची मोळी वाहणारी एक म्हातारी महार बाई वाटेत थकून पडली आहे. शिवाशिवीच्या भीतीने कोणी पुढे होत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर चढवून दे. आणि मग आंघोळ कर. श्याम मोळी उचलून देतो आणि गावच्या लोकांचे बोलणे खातो.

इथे शिक्षकाने थांबावे. आईने रूढी मोडली, हे खरे. आणि आंघोळ सांगून तिने रूढी राखली, हेही खरे. दोन्ही एकाच वाक्यात आहेत. पुष्कळदा आपण पहिला भाग मोठ्याने वाचतो आणि दुसरा घाईने. पण वर्गात शेवटच्या बाकावर एखादी मुलगी बसलेली असते. तिची आजी पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारात मोळी विकायला जात असे. कातकरी वाडीवरून किंवा बौद्धवाड्यातून ती शाळेत आलेली असते. ‘आंघोळ’ हा शब्द आपण घाईने वाचला तरी तिला तो ऐकू येतोच. तो शब्द लपवू नये. त्याचा अर्थ उलगडावा.

अर्थ उलगडण्यासाठी इतिहासाची मदत घ्यावी लागते. प्रसंग घडतो विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कोकणात. तो सांगितला जातो १९३३ साली. या मधल्या काळात काय झाले? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच कुलाबा जिल्ह्यात, हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे काही वर्षे चालला. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला. ज्या नाशकात हा लढा चालला होता, त्याच गावच्या तुरुंगात बसून गुरुजी मोळीचा प्रसंग लिहीत होते. लहान श्यामला आंघोळीत काही वावगे वाटले नसेल. सांगणाऱ्या श्यामला मात्र हा प्रश्न सोडत नाही. तो आईची आठवण सांगता सांगता आपल्या काळाशी बोलतो. आणि लिहिणाऱ्या गुरुजींनी पुढे काय केले? १ मे १९४७ पासून पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांसाठी उघडावे म्हणून उपोषण आरंभले. दार उघडण्याचे ठरल्यावरच ते सुटले. आईने मोळी उचलायला लावली, मुलाने देवळाचे दार उघडायला लावले. आंघोळीची अट मात्र वाटेत गळून पडली.

इथे आणखी एक जागा राहते. ती म्हातारी. तिला आपण श्यामच्या डोळ्यांनी पाहतो. तिचे बोलणे श्यामने ऐकले व सांगितले तेवढेच आपल्यापर्यंत येते. म्हणून मुलांना घरचा अभ्यास द्यावा : हाच प्रसंग त्या बाईने रात्री आपल्या घरी कसा सांगितला असेल, दहा ओळींत लिहा. कोणी लिहील, पोर गुणाचे होते. कोणी लिहील, एका मुलाने हात लावला, बाकीचे नुसते बघत राहिले. कोणी आंघोळीविषयीही लिहील. हे अपमानासाठी नाही. पुस्तकाशी प्रामाणिक राहण्यासाठी आहे. गुरुजींच्या पुस्तकाला याने धक्का लागत नाही. ज्यांना श्याम आवडतो, त्यांना या उत्तरांनंतर तो अधिक कळतो.

बाहेरच्या जगातले एक उदाहरण वरच्या वर्गांना सांगता येईल. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याच्या १८८४ सालच्या कादंबरीत हकलबेरी फिन हा पोरगा स्वतःच गोष्ट सांगतो. जिम नावाच्या गुलामाला तो पळून जायला मदत करतो आणि आपण पाप करतो आहोत असेच त्याला वाटत राहते. त्याच्यामागे समजूतदार मोठा माणूस उभा नाही; चूक कोणाची, हे वाचकानेच ओळखायचे. आपल्याकडे मिलिंद बोकीलांच्या २००४ सालच्या ‘शाळा’मध्ये नववीतला मुकुंद जोशी असाच त्या वयाच्या भाषेत बोलतो. श्याम मात्र मोठा होऊन मागे वळून बोलतो. दोन्ही तऱ्हा मुलांना दाखवल्या की फरक आपोआप उमगतो.

शेवटी वर्गात उपयोगी पडतील असे चार प्रश्न देतो. हा प्रसंग घडला तेव्हा सांगणारा किती वयाचा होता, आणि सांगताना किती? त्याने हे पाहिले, की ऐकले? चाकोरी कोणी मोडली, किती मोडली, आणि त्याची किंमत कोणी भरली? आणि या प्रसंगात असा कोण आहे, ज्याला आपली बाजू सांगायला मिळाली नाही?

हे प्रश्न पुस्तकापुरते राहणार नाहीत. रोह्याशी घरचे नाते असलेल्या चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावरून केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. ती हकीकत त्यांनी स्वतः सांगितली आहे, इतरांनीही आपापल्या परीने सांगितली आहे. गावातल्या तंट्याची, निवडणुकीची, मोडलेल्या लग्नाचीही अशीच अनेक तोंडे असतात. ज्या मुलाने मोळीचा प्रसंग चारही प्रश्न लावून वाचला, तो पारावर बसून ऐकलेल्या गोष्टीवर लगेच मान डोलावणार नाही. आणि कधी वाटेत कोणी थकून बसलेले दिसले, तर लोक काय म्हणतील याची वाट न पाहता तो पुढे होईल, आणि घरी आल्यावर त्याला आंघोळीची आठवणही होणार नाही.