पॉलिग्राफमधील अपयश आणि नोकरीची पडताळणी

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी (मेघे) येथील एखादा रहिवासी पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारासारख्या संवेदनशील ठिकाणी नोकरीस असेल, तर चारित्र्य व पूर्वेतिहास पडताळणी त्याच्या परिचयाची असते. एखाद्या गुन्ह्याच्या तपासात त्याची पॉलिग्राफ चाचणी झाली आणि निष्कर्ष प्रतिकूल आला, तर पुढील पडताळणी अडेल काय?

हा प्रश्न मुळात अमेरिकेतला. तेथील गुप्तचर संस्थांत कर्मचाऱ्यांची ठराविक काळाने फेरतपासणी होते व तीत पॉलिग्राफचा वापर केला जातो. १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना ही चाचणी घेण्यास मनाई केली, सरकारला मात्र वगळले. वास्तविक हे यंत्र असत्य ओळखत नाही. श्वास, नाडी, रक्तदाब आणि घामामुळे त्वचेच्या विद्युतवाहकतेत होणारा बदल तेवढा ते नोंदविते. निर्दोष माणूसही भीतीने घामाघूम होतो. उलट, सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारा सीआयएचा अधिकारी आल्ड्रिच एम्स १९८६ व १९९१ अशा दोन्ही चाचण्यांतून सुटला. त्याला अटक झाली ती १९९४ मध्ये.

भारतात पडताळणीच्या नेहमीच्या प्रक्रियेत पॉलिग्राफला स्थान नाही. तो येतो गुन्हे तपासात. तेलगी मुद्रांक घोटाळ्याच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अशा चाचण्यांना मान्यता दिली होती. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात चित्र पालटले. संमतीविना चाचणी घेता येणार नाही, संमती न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवावी आणि संमतीने झालेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतंत्र पुरावा ठरणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मात्र अशा चाचणीच्या आधारे पुढे एखादी वस्तू वा माहिती हाती लागल्यास ती ग्राह्य ठरू शकते.

केंद्रीय सेवेतील पडताळणीचा खरा आधार म्हणजे साक्षांकन नमुना. मागील पाच वर्षांत जेथे वर्षाहून अधिक वास्तव्य झाले ते पत्ते, तसेच अटक, खटला, दंड, शिक्षा यांची माहिती त्यात विचारली जाते. (जिल्ह्यात सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) हे वेगळे गाव असल्याने पत्त्यात 'मेघे' लिहिणे अगत्याचे.) पॉलिग्राफविषयी त्यात रकाना नाही. चाचणी साक्षीदार म्हणून झाली असेल आणि अटक वा खटला नसेल, तर लपविण्यासारखे काही उरत नाही. अटक झाली असल्यास मात्र ती सांगितलीच पाहिजे. नमुना सादर केल्यानंतर झालेली अटकही तात्काळ कळवावी लागते. केंद्रीय कर्मचारी ४८ तासांपेक्षा अधिक काळ कोठडीत राहिल्यास नियमानुसार निलंबित मानला जातो.

बहुतेक जण येथेच चुकतात. किरकोळ प्रकरण सांगितल्याने नोकरी जाईल या भीतीने ते दडविले जाते आणि दडविणे हाच मोठा दोष ठरतो. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २१ जुलै २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तारतम्य सांगितले. क्षुल्लक बाब दडविली गेल्यास नियोक्ता ती माफ करू शकतो. गंभीर गुन्हा वा अनेक प्रलंबित खटले लपविणे महागात पडते. खरी माहिती दिली तरी पात्रता तपासण्याचा नियोक्त्याचा अधिकार कायम राहतो. कायम झालेल्या कर्मचाऱ्याला माहिती दडविल्याबद्दल काढावयाचे तर विभागीय चौकशी आवश्यक असते. राज्याच्या सुरक्षेसाठी चौकशी वगळण्याची तरतूद सेवा नियमांत आहे. परंतु त्यासाठी राष्ट्रपतींचे समाधान व्हावे लागते.