भातगिरणीची जागा

डोंबिवलीलगतचे कोपर आज स्टेशनामुळे ओळखले जाते. खालून कल्याणची लोकल जाते, वरून दिवा-वसई मार्ग. 1 मे 1854 रोजी ठाण्याहून कल्याणपर्यंत आगगाडी सुरू झाली, तेव्हा हा सारा मुलूख भाताचा होता. खाचरे कसणारे बहुतेक आगरी; कल्याण-भिवंडीचे कोकणी मुसलमान भात, गवत, लाकूड यांच्या व्यापारात. भाताच्या एका गोणीत दोघांचीही रोजी होती.

अशा गावात पाडली गेलेली भातगिरणी शोधायची कशी? आम्हाला वाटते, सुरुवात तलाठ्याच्या दप्तरापासून करावी. गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद असते, तसाच लागवडीस उपलब्ध नसलेल्या जमिनीचा रकानाही असतो. वर्षानुवर्षे भात पिकलेल्या तुकड्याचा काही भाग अचानक त्या रकान्यात गेला, तर तिथे थांबावे. मग फेरफार पाहावा, बिगरशेतीची परवानगी शोधावी. 1958 च्या केंद्रीय कायद्याने नवी भातगिरणी काढायला परवानगी आणि ती चालवायला परवाना सक्तीचा केला होता. ते कागद जपले गेले असतील, तर त्यांतूनही जागेचा माग लागतो.

कागदानंतर जमीन. भिंती, पत्रे, यंत्र सारे विकले जाते; पण इंजिनाचा चौथरा फोडणे महाग पडते. त्यातून वर आलेले गंजके बोल्ट, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा हौद, शेजारची विहीर, या खुणा मागे राहतात. इमारत उभी राहिली की त्याही जातात.

आता खरी अडचण. सातबारावर जमिनीचा मालक सापडतो, कूळही सापडते. पट्टा चढवणारा मिस्त्री, गोणी वाहणारा हमाल, तूस पाखडणारी बाई यांना तिथे रकाना नाही. गिरणी येण्याआधी उखळात भात कांडणाऱ्या बायकांची मजुरी गिरणीने हिरावली, त्यांचीही नावे कुठे नाहीत. मालकी नसलेल्यांचा इतिहास दप्तरात मिळत नाही, तो माणसांच्या तोंडीच असतो. आपल्या समाजातील कितीतरी घरे याच बिनरकान्याच्या लोकांची आहेत.

म्हणून वाचकांना आमची एकच विनंती. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आपले भात कुठे भरडले जायचे, गिरणीत कोण होते. नाव आणि जागा लिहून ठेवा. चौथरा कधीतरी बुजेल. सांगणारी माणसे त्याच्याही आधी जातील.